बस्ता पुण्याचा की बीडचा? मांजरसुंब्याच्या चौकातून निघणाऱ्या लग्नखरेदीचा खरा हिशोब

मांजरसुंबा (ता. बीड) : लग्नसराई जवळ आली की मांजरसुंब्याच्या चौकात पहाटेपासून क्रूझर, तुफान आणि भाड्याच्या कार थांबलेल्या दिसतात. चहा होतो, कुणी मागे राहिलंय का ते पाहिलं जातं आणि गाडी निघते. कुणाची बीड-गेवराईमार्गे छत्रपती संभाजीनगरला, कुणाची चौसाळा-येरमाळामार्गे सोलापूरला, तर कुणाची पाटोदा-जामखेडमार्गे पुण्याला. या गाड्यांत देवदर्शनाला निघालेले असतात, तसेच बस्ता बांधायला निघालेलेही असतात.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी याच गावांचा बस्ता नेकनूर, केज, फार तर बीडच्या सुभाष रोडला किंवा धोंडीपुऱ्यात बांधला जायचा. आता सुपारी फुटली की पहिला प्रश्न येतो, बस्ता कुठला? आणि उत्तरात शहराचं नाव जेवढं मोठं, तेवढा मान मोठा, असं गणित गावोगाव बसलंय. शहरात माल स्वस्त मिळतो, डिझाइन भरपूर असतात, ही त्यामागची कारणं. ती खोटी नाहीत. पण गाडीभाडं, जेवणखाण, बुडालेली मजुरी, बदललेला जीएसटी आणि उसन्या पैशाचं व्याज एका कागदावर मांडलं, तर स्वस्ताई उरते किती, हे मात्र फार कमी घरांत बघितलं जातं.

यंदा हा हिशोब मांडणं जास्तच गरजेचं आहे. त्याला तीन कारणं आहेत.

यंदा घाई का आहे?

पहिलं कारण पंचांगाचं. यंदा 17 मे ते 15 जून 2026 असा अधिक ज्येष्ठ महिना आला आहे. अधिक महिन्यात लग्नं लावत नाहीत. तो संपेपर्यंत पेरणीची धांदल सुरू होते. म्हणजे उन्हाळ्यातली बहुतेक लग्नं अक्षय्य तृतीयेच्या मागेपुढे आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोंबली जाणार. ज्या काळात सगळे एकाच वेळी खरेदीला निघतात, त्या काळात दुकानदाराला भाव उतरवायची गरज नसते. गाडीवालाही वाढीव भाडं सांगतो.

दुसरं कारण हातातल्या पैशाचं. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने बीड जिल्ह्यात सोयाबीन, कापूस डोळ्यांदेखत पाण्यात गेला. काही ठिकाणी जमीनच खरवडून गेली. राज्य सरकारने 7 ऑक्टोबर 2025 रोजी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, पण मदत मिळाली म्हणून पीक भरून येत नाही. केंद्राने 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाचा 7,710 रुपये ठरवला होता. भिजलेल्या, डागी मालाला तो भाव कुठून मिळणार? लग्न मात्र ठरलेलं असतं. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये परततात, तेव्हा उचल फिटून हातात जे काही उरतं, त्यातूनच पोरीचं किंवा पोराचं लग्न उभं राहतं.

तिसरं कारण सोनं. एप्रिल 2025 मध्ये दहा ग्रॅम सोन्याने पहिल्यांदा 1 लाखाचा आकडा गाठला आणि वर्ष सरता सरता तो सव्वा लाखाच्याही पुढे गेला. मंगळसूत्र आणि चार दागिन्यांतच लग्नाचा मोठा पैसा अडकतो. त्यामुळे कपडे, भांडी आणि मानपानावर हात आखडण्याशिवाय बहुतेक घरांना इलाज नाही.

गाडीत बारा माणसं, मग स्वस्ताई कुणाची?

एक साधा हिशोब करू. आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, आपापल्या गावच्या दराने ते बदलून घ्यावेत.

मांजरसुंब्याहून पुण्याला जाऊन-येऊन साधारण 450 किलोमीटर धरा. क्रूझरचं भाडं किलोमीटरला 18 रुपये धरलं तर 8,100 रुपये. टोल आणि पार्किंग 900. ड्रायव्हरचा भत्ता 500. बारा माणसं आणि एक ड्रायव्हर यांचं दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता माणशी 400 रुपये म्हणजे 5,200. झाले 14,700 रुपये. बारा जणांचा एक दिवसाचा रोज 400 रुपयांप्रमाणे बुडाला, त्याचे 4,800. एकूण 19,500.

आता शहरात बीडपेक्षा सरासरी 10 टक्के माल स्वस्त पडतो असं मानू. मग 19,500 रुपयांचा खर्च भरून निघायला बस्ता किमान 1 लाख 95 हजारांचा पाहिजे. त्याच्या खाली बस्ता असेल, तर शहरात जाऊन पैसे वाचले नाहीत, उलट पदरचे गेले. आणि दोन लाखांचा बस्ता असेल, तर एवढी धावपळ करून वाचले अवघे 500 रुपये.

मजुरी सोडून दिली आणि फक्त खिशातून गेलेले 14,700 धरले, तरी बस्ता जवळपास दीड लाखाचा असल्याशिवाय बरोबरी होत नाही. शहरातला फरक 10 ऐवजी 5 टक्केच निघाला, तर हाच आकडा तीन लाखांच्या जवळ जातो.

म्हणजे प्रश्न शहर स्वस्त की महाग हा नाहीच. प्रश्न गाडीत किती माणसं बसली, हा आहे. नवरीचे आई-वडील, नवरदेवाकडचे चार, दोन्हीकडचे मामा, आत्या, करवल्या, शिवाय पारख असणारं एखादं माणूस, अशी यादी वाढत जाते. कुणाला वगळलं तर रुसवा. या रुसव्याची किंमत गाडीभाड्यात मोजली जाते, एवढंच.

पाच माणसं आणि एसटी

याच हिशोबाची दुसरी बाजू बघा. नवरी, नवरदेव, दोन्ही घरची एकेक जाणती बाई आणि पैशाचा व्यवहार बघणारा एक पुरुष, अशी पाच माणसं एसटीने छत्रपती संभाजीनगरला गेली तर?

17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. 25 जानेवारी 2025 पासून एसटीची 14.95 टक्के भाडेवाढ झाली, तरी ही सवलत कायम आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं तिकीट आणि 75 च्या पुढे प्रवास मोफत. मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच, हे ध्यानात ठेवावं.

एका बाजूचं पूर्ण तिकीट 250 रुपये धरलं, तर दोन पुरुषांचे जाऊन-येऊन 1,000 आणि तीन महिलांचे 750. तिकीट झालं 1,750 रुपयांत. जेवणखाण 2,000, शहरातली रिक्षा 500. एकूण 4,250. पुण्याच्या क्रूझरपेक्षा 10,450 रुपये कमी. आता शहरात 10 टक्के फरक पडत असेल, तर 42-43 हजारांच्या खरेदीतच खर्च निघतो. पुढचं सगळं खरं वाचलेलं.

गैरसोय आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पिशव्या सांभाळाव्या लागतात, शेवटच्या गाडीची वेळ पाळावी लागते. पण रात्री बारा-एकला थकलेल्या ड्रायव्हरच्या भरवशावर घाट उतरण्यापेक्षा ते बरं. दिवसभर शहरात ताटकळलेला ड्रायव्हर रात्री पुन्हा दोनशे किलोमीटर गाडी हाणतो, हा लग्नखरेदीतला सगळ्यात मोठा धोका आहे आणि त्याची कुणी मोजदाद करत नाही. गाडीनेच जायचं असेल, तर अंधार पडायच्या आत शहर सोडायचं हे निघतानाच ठरवावं.

भाड्याची गाडी घेताना

पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कमी भाड्यात मिळते म्हणून घेतली जाते. पण खासगी गाडी भाड्याने चालवणं कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडचण येते. दोन हजार वाचवायच्या नादात बारा जणांचा विमा धोक्यात घालायचा का, हे घरच्या मोठ्यांनी ठरवावं.

टोलचंही बघून घ्यावं. संभाजीनगरकडे जाताना पाडळसिंगीला आणि सोलापूरकडे जाताना पारगावला टोलनाका लागतो. फास्टॅग नसेल किंवा बंद पडला असेल, तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल भरण्याचा नियम 15 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला होता. घरची स्वतःची कार असेल, तर वार्षिक पास मिळतो. तो राष्ट्रीय महामार्गांवर 200 फेऱ्यांना किंवा वर्षभर चालतो. भाड्याच्या पिवळ्या पाटीच्या गाड्यांना तो लागू नाही. त्यामुळे भाडं ठरवतानाच टोल कुणाचा, पार्किंग कुणाची, रात्री उशीर झाला तर जादा पैसे किती, हे बोलून घ्यावं.

रेल्वे आली, पण खरेदीला कामाची किती?

17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीडकरांनी कित्येक वर्षं वाट पाहिलेली बीड-अहिल्यानगर रेल्वे धावली. तिकीट एसटीच्या मानाने अगदीच किरकोळ. पण सुरुवातीच्या वेळापत्रकात गाडी दुपारी बीडहून सुटते आणि साडेपाच तासांनी संध्याकाळी अहिल्यानगरला पोहोचते. म्हणजे आपण स्टेशनवर उतरायचो आणि कापड बाजारातली दुकानं आवरायला लागायची. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी. नातेवाइकांकडे मुक्काम असेल त्यालाच ही गाडी परवडते.

पहाटे बीडहून सुटून संध्याकाळी परत आणणारी गाडी सुरू झाली, तर अहिल्यानगरचा बाजार आणि पुढे पुण्याचा रस्ता बीडच्या माणसाला खऱ्या अर्थाने उघडेल. लोकप्रतिनिधींकडे मागायचंच असेल, तर ही वेळ मागण्यासारखी आहे.

कुठल्या शहरात काय?

सगळा माल एकाच शहरात चांगला आणि स्वस्त मिळतो, हा गैरसमज आहे.

छत्रपती संभाजीनगर जवळचं. गुलमंडी, औरंगपुरा, पैठणगेट, टिळकपथ, सिटी चौक ही दुकानं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पाच दुकानं फिरून भाव काढायला ही जागा सोयीची. पाचोडवरून पैठणला वळता येतं. पण पैठणला जाऊन घेतली म्हणजे ती हातमागाचीच पैठणी, असं समजू नये. हातमागावरची खरी रेशमी पैठणी विणायला कित्येक आठवडे, नक्षी भरगच्च असेल तर महिने लागतात. दोन-तीन हजारांत मिळते ती यंत्रमागाची. ती घेण्यात काही वाईट नाही, फक्त हातमागाचा भाव देऊन यंत्रमागाची घरी येऊ नये. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्कची पट्टी मागून बघावी.

सोलापूर चादर, टॉवेल आणि आहेराच्या कापडासाठी. मानपानात टॉवेल-टोपी द्यायचीच असेल, तर नवी पेठ आणि चाटी गल्लीच्या बाजूला घाऊक भाव विचारता येतो. चार-पाच लग्नघरांनी मिळून एकदम खरेदी केली, तर घाऊक भावाचा खरा फायदा मिळतो. एकट्याने वीस टॉवेल घेण्यासाठी सोलापूर गाठण्यात अर्थ नाही.

पुणे निवडीसाठी. लक्ष्मी रोडला शालू, नवरदेवाचे कपडे, सराफांच्या पेढ्या. तुळशीबागेत बांगड्या, किरकोळ दागिने, रुखवताचं सामान. रविवार पेठ, बोहरी आळीत घाऊक सामान. पण पेठांतले रस्ते अरुंद, बरेचसे एकेरी. क्रूझर घेऊन लक्ष्मी रोडवर थांबायची सोय नाही. चुकीच्या जागी गाडी लावली तर दंड ठरलेला. मंडई परिसरातल्या वाहनतळावर गाडी लावून पायी फिरावं. एसटीने वाकडेवाडीच्या शिवाजीनगर स्थानकावर उतरणाऱ्यांना आता मेट्रोचा पर्याय आहे. 29 सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली आणि मंडई स्टेशनला उतरलं की तुळशीबाग हाकेच्या अंतरावर येते.

आणि बीड? सुभाष रोड, माळीवेस, धोंडीपुरा, कारंजा या भागांत कापड, भांडी, सराफी सगळं मिळतं. निवड शहरापेक्षा कमी असेल. पण ब्लाउजचा पीस कमी पडला, साडीला डाग निघाला, नवरदेवाचा सदरा घट्ट झाला, तर सकाळी जाऊन दुपारी बदलून आणता येतं. पुण्याच्या दुकानात तेच बदलायला पुन्हा एक दिवस आणि पुन्हा भाडं.

जीएसटी बदलला, यादीही बदला

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. सगळं स्वस्त झालं अशी चर्चा झाली. लग्नाच्या यादीपुरतं बघितलं, तर काही स्वस्त आणि काही महाग झालंय.

शिवलेले तयार कपडे नगाला 2,500 रुपयांपर्यंत असतील, तर 5 टक्के कर. त्याच्या वर गेले की थेट 18 टक्के. आधी 1,000 पर्यंत 5 आणि त्यापुढे 12 टक्के होता. म्हणजे कराआधी 2,400 रुपये किंमत असलेल्या ड्रेसवर पूर्वी 288 रुपये कर होता, तो आता 120 झाला. पण 8,000 ची शेरवानी घेतली, तर पूर्वी 960 रुपये कर लागायचा, आता 1,440. नवरदेवाचा ब्लेझर, शेरवानी आणि शिवून तयार मिळणारा भारी घागरा महागला, तो इथे.

कापड आणि साडी मात्र कितीही किमतीची असो, 5 टक्क्यांतच आहे. बारा हजारांच्या शालूवर 600 रुपये कर. म्हणून नवरदेवाचा सूट तयार घेण्याऐवजी चांगलं कापड घेऊन ओळखीच्या टेलरकडे शिवला, तर कर 18 ऐवजी 5 टक्क्यांवर येतो. मापात बसतो आणि शिलाईचे पैसे गावातच राहतात. फक्त टेलरला महिनाभर आधी सांगावं लागतं. लग्नसराईत टेलर देवासारखा, लवकर प्रसन्न होत नाही.

चपला-बुटांनाही तीच 2,500 ची रेषा आहे. जोड त्याच्या आत असेल तर 5 टक्के, वर गेला की 18. संसाराची स्टील, तांबे, पितळेची भांडी 12 वरून 5 टक्क्यांवर आली. वीस हजारांच्या भांड्यांवर 2,400 रुपये कर होता, तो 1,000 झाला. 32 इंचापेक्षा मोठा टीव्ही 28 वरून 18 टक्क्यांवर आला. फ्रिज आणि वॉशिंग मशीन आधीपासूनच 18 टक्क्यांत होतं, त्यामुळे त्यात जीएसटी कमी झाला असं कुणी सांगितलं, तर हसून सोडून द्यावं.

हा कर देशभर सारखाच आहे. पुण्यात कमी आणि बीडमध्ये जास्त, असं काही नसतं. बिल नको असेल तर कमी लावतो, असं जो दुकानदार म्हणतो, तो आपला कर वाचवत नाही, आपला पुरावा काढून घेतो. आणि वस्तूवर एमआरपी छापलेली असेल, तर त्यात सगळे कर धरलेले असतात. त्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही.

सोन्यात गाडीभाडं निघतं आणि बुडतंही

कपड्यांत शे-दोनशेसाठी तासभर घासाघीस करणारे लोक सराफाकडे मजुरी न विचारताच पैसे मोजतात. सोन्याचा भाव सगळीकडे जवळपास सारखा असतो. फरक पडतो तो घडणावळीत.

हिशोब सोपा व्हावा म्हणून दोन तोळे, म्हणजे 20 ग्रॅम सोनं 2 लाखांचं धरू. प्रत्यक्षात भाव याहून जास्त आहे. एका दुकानात घडणावळ 8 टक्के असेल तर 16,000 रुपये, दुसऱ्यात 16 टक्के असेल तर 32,000. फरक 16,000 रुपयांचा. पुण्याच्या अख्ख्या क्रूझरचं भाडं-जेवण यातून निघालं असतं. म्हणून तीन प्रश्न प्रत्येक पेढीवर विचारावेत. आजचा 22 कॅरेटचा भाव काय? घडणावळ किती टक्के? मोडताना घट किती धरणार?

1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय तो विकता येत नाही. बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर हा क्रमांक टाकला की दागिन्याची शुद्धता दिसते. 22 कॅरेट म्हणजे 916, 18 कॅरेट म्हणजे 750. जुलै 2025 पासून 9 कॅरेटच्या दागिन्यांनाही हॉलमार्क मिळू लागला, त्यामुळे नुसता हॉलमार्क आहे एवढ्यावर भुलू नये. आकडा कोणता आहे ते बघावं. सोन्याच्या दागिन्यावर जीएसटी 3 टक्केच आहे.

रोख रकमेचंही भान हवं. आयकर कायद्यानुसार एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख दुकानदाराला घेता येत नाही. बिल दोन तुकड्यांत फाडूनही सुटका होत नाही. यूपीआयला रोजची मर्यादा असते. ती आधी बँकेत विचारून घ्यावी, नाहीतर पेढीवर बसल्यावर फोन हातात आणि व्यवहार अडकलेला, अशी फजिती होते.

दुकानदाराने फसवलं तर बीडमध्येच दाद

शहरात घेतलेला माल खराब निघाला, तर बहुतेक जण गप्प बसतात. पुण्याला कोण चकरा मारणार, असं त्यांना वाटतं. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही अडचण दूर केली आहे. ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात त्याला तक्रार करता येते. म्हणजे मांजरसुंब्याच्या माणसाने पुण्यात शालू घेतला, तरी तक्रार बीडच्या आयोगात चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा. बरेचदा तिथेच मार्ग निघतो.

विकलेला माल परत घेतला जाणार नाही, अशी पाटी दुकानात असली, म्हणून सदोष माल गळ्यात मारता येत नाही. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं हा कायद्याने अनुचित व्यापार ठरतो. रंग आवडला नाही, पाव्हण्यांना पसंत पडली नाही, ही कारणं मात्र त्यात बसत नाहीत. आणि या सगळ्याचा पाया एकच, पक्कं बिल. नुसत्या चिठ्ठीवर लिहिलेला आकडा आयोगात टिकवणं अवघड जातं.

उधारी, व्याज आणि गावचा बाजार

शहराच्या बस्त्याची एक बाजू दुकानात दिसतच नाही. बीड, नेकनूर, केजचा दुकानदार ओळखीवर माल देतो आणि बाकी माल विकल्यावर द्या म्हणतो. शहरातलं दुकान तसं करत नाही. तिथे सगळे पैसे जागेवर मोजावे लागतात. मग निघायच्या आदल्या दिवशी कुणाकडून तरी रक्कम उचलली जाते.

शेकडा 3 रुपये महिना या दराने 50 हजार घेतले, तर महिन्याला 1,500 आणि वर्षाला 18,000 रुपये व्याज. शहरात 10 टक्के वाचले म्हणून आनंद मानायचा आणि वर्षभरात त्याच्या किती तरी पट व्याजात घालायचं, हे गणित कुठल्याही सवलतीने जुळत नाही. विनापरवाना सावकारी महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, 2014 नुसार गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. पण तक्रारीपर्यंत वेळ येऊच नये, हे उत्तम.

दुसरी गोष्ट गावच्या बाजाराची. मोठा माल शहरातून आणि उरलेली उधारी गावातून, असं चाललं तर इथला दुकानदार टिकणार नाही. पण त्याला नुसती आपुलकीची साद घालूनही भागणार नाही. भावाची पट्टी न लावणं, निवड न दाखवणं, गिऱ्हाईक बघून भाव सांगणं, या सवयी बदलल्या तरच गाड्या बीडच्या पुढे न जाता माघारी वळतील. आजची नवरी दुकानात येण्याआधी मोबाइलवर शंभर शालू बघून आलेली असते. तिला कपाटातल्या चार साड्या दाखवून चालत नाही.

मानपानाची यादी हीच खरी

बस्त्याचा मोठा भाग नवरा-नवरीच्या कपड्यांत जात नाही. तो जातो मानपानाच्या साड्यांत, टॉवेल-टोपीत आणि आहेरात. यातल्या कितीतरी साड्या नेसल्याही जात नाहीत. घडी न मोडता एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहतात. नेसणाऱ्या बाईच्या उपयोगाला न येणाऱ्या साडीसाठी कर्ज काढायचं, यात मान कुणाचा राहिला?

मे 2025 मध्ये पुण्यातल्या एका हुंडाबळी प्रकरणानंतर राज्यभर लग्नातल्या खर्चावर चर्चा पेटली. काही समाजांनी साध्या लग्नाची आचारसंहिताही जाहीर केली. कागदावरचा ठराव गावात उतरायचा असेल, तर सुरुवात बस्त्यापासून करणं सगळ्यात सोपं. दोन्ही घरांनी सुपारीच्याच दिवशी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. मानपान किती जणांना, बस्त्याची एकूण रक्कम किती आणि खरेदीला जाणारी माणसं किती. मुलाकडच्यांनी अमुक शहरातलाच बस्ता हवा, अमुक किमतीचाच शालू हवा अशी अट घालायची आणि खर्च मुलीच्या बापाने सोसायचा, हे मागणंच आहे. 1961 चा हुंडा प्रतिबंधक कायदा रोख रकमेपुरता नाही, लग्नाच्या निमित्ताने मागितलेल्या मौल्यवान वस्तूही त्यात येतात.

ज्यांना मुळातच कमी खर्चात लग्न लावायचं आहे, त्यांनी महिला व बालविकास विभागाच्या शुभमंगल सामूहिक व नोंदणीकृत विवाह योजनेची चौकशी करावी.

निघण्याआधी एवढं करा

यादी घरी बसून करा आणि प्रत्येक वस्तूपुढे जास्तीत जास्त रक्कम लिहा. यादीतल्या दहा वस्तूंचे भाव आधी बीडमध्ये विचारून त्यापुढे मांडा, म्हणजे शहरात किती स्वस्त पडतंय ते जागेवर कळेल. मानपान आणि भांडी जवळच्या बाजारात घ्या. शहरात फक्त नवरा-नवरीचे कपडे आणि दागिने, तेही पाच जणांनी. रविवार टाळा, पण दुकानांचा साप्ताहिक सुट्टीचा वार फोन करून विचारून घ्या. पहिल्याच दुकानात बस्ता बांधू नका, किमान तीन ठिकाणी भाव काढा. ड्रायव्हर किंवा ओळखीचा माणूस एकाच दुकानाचा आग्रह धरत असेल, तर त्याचं कमिशन आपल्याच बिलात आहे असं समजा. प्रत्येक वस्तूचं पक्कं बिल घेऊन त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

लग्न पाहावं करून म्हणतात. करून झाल्यावर मंडपवाला, आचारी, वाजंत्री पैसे घेऊन जातात आणि बस्ता कुठल्या शहराचा होता हे पाव्हणे पंक्तीतून उठेपर्यंत विसरतात. व्याजाचा हप्ता मात्र पुढच्या सुगीपर्यंत दर महिन्याला घरी येतो. बस्ता कुठला, या प्रश्नाआधी बस्ता केवढा आणि कुणाच्या पैशाने, हे दोन प्रश्न यंदा सुपारीच्या बैठकीत विचारले गेले, तर बरीच घरं हलकी होतील.